सुताराच्या करवतीखालचा घडीचा स्टँड

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात असंघटित क्षेत्र, कौशल्यविकास, कामगार कायदे आणि तंत्रज्ञानाचा प्रसार हे चार विषय बहुधा चार निरनिराळ्या वह्यांत लिहिले जातात. प्रत्यक्ष जीवनात मात्र ते अनेकदा एकाच वस्तूपाशी येऊन भेटतात. आजच्या व्याख्यानासाठी निवडलेली वस्तू अशीच आहे. मेजावर ठेवून चालवायच्या विजेच्या करवतीखाली उभा करावयाचा आणि काम संपले की मिटून नेता येणारा लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा स्टँड ही ती वस्तू होय. विकासाच्या चर्चेत त्याचे नाव सहसा निघत नाही. तथापि सुतारकाम करणाऱ्या माणसाची बोटे शाबूत राहतील की नाही, हे ज्या गोष्टींवर ठरते त्यांत त्याची गणना करावी लागते.

प्रथम ही करवत कशी असते ते पाहू. सपाट धातूच्या मेजाला मधोमध फट असते आणि त्या फटीतून गोल पात्याचा वरचा भाग बाहेर आलेला असतो. पाते जागेवरच फिरते. कारागीर लाकूड पात्याकडे सरकवतो. कारखान्यातील अशी यंत्रे बिडाची, अवजड आणि जमिनीत पक्की बसवलेली असतात. बांधकामावर नेण्यासाठी तयार केलेली लहान यंत्रे साधारणतः २० ते ३० किलो वजनाची असतात. त्यांचे पाते बहुधा १० इंच व्यासाचे असून मिनिटाला चार ते पाच हजार फेरे घेते. १० इंची पात्याचा परीघ सुमारे ८० सेंटिमीटर भरतो. मिनिटाला ४,८०० फेरे धरले तर पात्याच्या दाताचा वेग सेकंदाला जवळजवळ ६४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २३० किलोमीटर होतो. या वेगापुढे माणसाच्या सावधपणाला किती अवधी मिळेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

वजन कमी केल्यामुळे हे यंत्र एका माणसाला उचलता येते. परंतु त्याचमुळे त्याचे स्वतःचे स्थैर्यही कमी होते. अवजड यंत्र आपल्या भारानेच जागेवर राहते. हलक्या यंत्राला ते स्थैर्य बाहेरून पुरवावे लागते आणि हे काम स्टँड करतो.

उंची, पाया आणि तोल

स्टँडची रचना वरवर पाहता साधी आहे. काहींचे पाय कात्रीसारखे एकमेकांना छेदून उघडतात, काहींचे चार पाय स्वतंत्रपणे दुमडतात. आणखी एका प्रकारात एका बाजूस चाके असतात. मिटलेला स्टँड यंत्रासह हमालाच्या हातगाडीप्रमाणे ओढत न्यावयाचा आणि जागेवर पोहोचल्यावर तिरपा करून पाय उघडावयाचे. चांगल्या बनावटीच्या अशा स्टँडमध्ये यंत्राचे वजन पाय उघडण्याच्या क्रियेतच तोलले जाते, त्यामुळे कमरेवर भार येत नाही. प्रत्येक प्रकारात उघडलेले पाय खटका बसून पक्के व्हावे लागतात. फरशी क्वचितच सपाट असते. म्हणून निदान एका पायाची लांबी कमीजास्त करण्याची सोय असावी लागते.

मेजाची उंची सामान्यतः ८५ ते ९० सेंटिमीटर ठेवतात. उभ्या माणसाच्या कोपरापेक्षा ही पातळी थोडी खाली येते आणि खांद्यांना न ताणता लाकूड पुढे सरकवता येते. मुख्य म्हणजे कारागिराला दोन्ही पायांवर उभे राहून पात्याच्या सरळ रेषेतून बाजूला सरकता येते. या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

आता तोलाचा प्रश्न पाहू. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील गुरुत्वमध्य आणि तरफ यांचे यापेक्षा नेटके उदाहरण सापडणे कठीण. आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि १८ मिलिमीटर जाड प्लायवूडचा ताव सुमारे ३० ते ३५ किलो भरतो. म्हणजे कापावयाची वस्तूच कापणाऱ्या यंत्राइतकी, किंबहुना अधिक जड असते. हा ताव लांबीच्या दिशेने कापत कापत पुढे सरकवला, तर काप पूर्ण होण्याच्या क्षणी त्याची मागची कड पात्यापाशी आणि गुरुत्वमध्य पात्याच्या पुढे १.२ मीटरवर असतो. पात्यापुढे मेज उरलेले असते जेमतेम ३० सेंटिमीटर. म्हणजेच तावाचा गुरुत्वमध्य मेजाच्या कडेबाहेर ९० सेंटिमीटरवर लोंबत असतो. तावाचे वजन ३० किलो धरले, तर तो कलू नये म्हणून मागच्या कडेवर ९० किलो भाराइतका दाब द्यावा लागेल. इतका दाब हाताने देणे शक्य नाही. आणि देण्याचा प्रयत्न करावयाचा तर हात नेमका पात्याशेजारी न्यावा लागतो. म्हणून चांगल्या स्टँडला पुढे व बाजूला ओढून काढता येणारे आधाराचे दांडे असतात, किंवा पुढे वेगळी रूळ बसवलेली घोडी उभी करतात. जाणता मिस्त्री पूर्ण ताव मेजावर चढवीतच नाही. तो आधी जमिनीवर थर्माकोल अंथरून हातातल्या करवतीने तावाचे मोठे तुकडे करतो आणि मग नेमके माप मेजावर घेतो. पदार्थविज्ञानाचे सूत्र त्याने पुस्तकात वाचलेले नसते इतकेच.

एका खुर्चीचे मोल

घडीच्या कार्यमेजाचा इतिहास सांगताना एक नाव टाळता येत नाही. रॉन हिकमन हे दक्षिण आफ्रिकेत १९३२ मध्ये जन्मलेले अभिरचनाकार. इंग्लंडमध्ये लोटस कंपनीच्या 'एलान' या मोटारीची घडण त्यांच्या हातून झाली. १९६१ मध्ये घरातील लाकूडकाम करताना त्यांनी एका चांगल्या खुर्चीचा टेकू म्हणून उपयोग केला आणि लाकडाबरोबर खुर्चीही कापून टाकली. त्या नुकसानीतून त्यांनी मिटणारे मेज तयार केले. त्याच्या माथ्यावरच्या दोन फळ्या जवळ-दूर सरकून शेगड्याप्रमाणे लाकूड पकडीत.

हत्यारे बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी ही कल्पना नाकारली. असली वस्तू शेकड्यांनी नव्हे तर डझनांनीच खपेल, असे एका कंपनीचे मत पडले. हिकमन यांनी १९६८ पासून ती स्वतः बनवून व्यावसायिक कारागिरांना विकण्यास आरंभ केला. नंतर आधी नकार देणाऱ्यांपैकीच असलेल्या ब्लॅक अँड डेकरने १९७० च्या दशकाच्या प्रारंभी 'वर्कमेट' या नावाने तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. २०११ मध्ये हिकमन यांचे निधन झाले तोवर जगभरात सुमारे तीन कोटी वर्कमेट विकले गेले होते. हक्कशुल्काच्या रूपाने त्यांना याचा लाभ मिळाला तो एकस्वामुळे. पेटंटचे महत्त्व सांगताना औषधांचीच उदाहरणे देण्याचा प्रघात आहे. पण चार पायांच्या घडीच्या मेजाचे हे उदाहरणही तितकेच बोलके आहे.

बैठे काम आणि उलटा कटर

आपल्या देशातील सुतार परंपरेने जमिनीवर बसून काम करीत आला. एका पायाच्या अंगठ्याने फळी दाबून धरणे, दोन्ही तळपायांत लाकूड पकडून रंधा मारणे ही कामाची रीत मागास होती, असे समजणे चुकीचे ठरेल. करवत, वाकस, पटाशी आणि रंधा या हाताच्या हत्यारांना ती अनुरूप होती. शेगड्याचे काम पायच करीत असल्याने सुताराचे सगळे दुकान एका पिशवीत मावत असे. हाताने ओढलेली करवत अडकली तर थांबते, हीच त्या पद्धतीतील मोठी सुरक्षितता होती.

गेल्या काही दशकांत ही चौकट दोन बाजूंनी बदलली. पहिला बदल मालाचा. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशामुळे वनांतील वृक्षतोड आणि ईशान्येकडील लाकडाची वाहतूक यांवर कडक निर्बंध आले. तेथील प्लायवूड उद्योगाला त्याचा मोठा फटका बसला. शेतात लावलेले पॉप्लर आणि निलगिरी यांच्या बळावर हरियाणातील यमुनानगर, तर रबराच्या लाकडाच्या आधारे केरळमधील पेरुंबावूर ही प्लायवूडची प्रमुख केंद्रे झाली. घरातील कपाट सागवानाच्या फळ्यांऐवजी प्लायवूडच्या तावांतून होऊ लागले. ताव म्हटला की लांब, सरळ आणि असंख्य काप आले. ते हातकरवतीने करणे परवडत नाही.

दुसरा बदल कामाच्या जागेचा. सुताराचे दुकान मागे पडून काम थेट ग्राहकाच्या सदनिकेत होऊ लागले. राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेली मिस्त्री मंडळी मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळुरू अशा शहरांत एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत फिरत असतात. सोसायटीच्या नियमाप्रमाणे दुपारी आवाज बंद, सायंकाळी काम बंद, आणि सामान लिफ्टमध्ये मावेल तेवढेच. अशा ठिकाणी बिडाचे यंत्र नेता येत नाही.

या अडचणीवर कारागिरांनी स्वतःच एक तोडगा काढला. फरशी कापण्यासाठी बनविलेला ४ इंची 'मार्बल कटर' घ्यावयाचा, त्याला लाकडाचे पाते लावावयाचे आणि तो उलटा करून प्लायवूडच्या तुकड्याखाली स्क्रूने आवळावयाचा. तुकड्यात पाडलेल्या फटीतून पाते वर येते, खाली चार ठोकळे लावले की करवतीचे मेज तयार. ते फरशीवर ठेवून मिस्त्री समोर उकिडवा बसतो. यातील कल्पकतेला दाद द्यावी लागेल. कमी भांडवलात यंत्राची उणीव भरून काढण्याची ही युक्ती देशभर एका मिस्त्रीकडून दुसऱ्याकडे गेली. परंतु तिच्यातील धोकाही तेवढ्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे.

मार्बल कटर मिनिटाला सुमारे १२ हजार फेरे घेतो. पाते लहान असले तरी दातांचा वेग मोठ्या करवतीपेक्षा कमी नसतो. त्यावर झाकण उरलेले नसते. हातात धरून चालवावयाच्या या हत्याराचा खटका सतत चालू ठेवलेला असल्याने आणीबाणीत हात मेजाखाली घातल्याशिवाय ते थांबत नाही. पात्याच्या मागे पोलादी पाचर नसते. कारखान्यातून येणाऱ्या करवतीत ही पातळ पाचर पात्याच्या मागे उभी असते आणि कापलेल्या लाकडाची चीर मिटू देत नाही. ती नसली आणि चीर पात्यावर आवळली गेली, तर पात्याचे मागचे दात, जे खालून वर येत असतात, लाकूड उचलून कारागिराच्या दिशेने भिरकावतात. लाकूड उडते पुढच्या माणसाकडे आणि लाकडावर ठेवलेला हात ओढला जातो पात्याकडे.

उभा असलेला माणूस अशा वेळी एका पावलाने मागे हटू शकतो. पात्याच्या रेषेत तो मुळात उभाच राहत नाही. उकिडवे बसलेल्या माणसाचे गुडघे, छाती आणि चेहरा पात्याच्या समोर आणि जवळ असतात, आणि उठून बाजूला होण्यास त्याला जो वेळ लागेल तो पाते देत नाही. हातकरवतीच्या काळात जी बैठक सोयीची होती तीच या यंत्रापुढे घातक ठरते. भुसाही नाकातोंडाशी उडतो. लाकडाच्या धुळीची नोंद आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच मानवास कर्करोगकारक अशा पहिल्या गटात केली आहे. ९० सेंटिमीटर उंचीचा स्टँड हे सगळे धोके संपवीत नाही. तो माणसाला उभे करतो, आणि फरक तेथून सुरू होतो.

बोटांची टक्केवारी

अपघात झाल्यावर काय, याचे उत्तर १९२३ च्या कर्मचारी भरपाई अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत मिळत असे. त्यात प्रत्येक अवयवासाठी कमाईच्या क्षमतेतील घट टक्क्यांत दिलेली होती. अंगठा गेल्यास ३० टक्के, संपूर्ण तर्जनीस १४ टक्के, मधल्या बोटास १२, अनामिका किंवा करंगळी यांपैकी एकास ७, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अंमलात आल्यावर भरपाईची ही व्यवस्था त्या संहितेच्या कक्षेत आली.

या आकड्यांना न्यायालयाने दिलेली एक महत्त्वाची जोड विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ओडिशातील एका चित्रपटगृहाच्या कामावर पडून एका सुताराचा डावा हात कापावा लागला होता. त्याची हानी अंशतः मानावी, असे मालकाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये निर्णय दिला की सुतारकाम एका हाताने होऊ शकत नाही. म्हणून या माणसाची अक्षमता शंभर टक्के मानली पाहिजे. अवयवाचे मोल त्या माणसाच्या व्यवसायाच्या संदर्भात ठरवावयाचे, हे तत्त्व या निर्णयाने दृढ केले.

परंतु भरपाईसाठी मालक लागतो. सदनिकेत काम करणारा मिस्त्री बहुधा चौरस फुटाच्या दराने ठेका घेतो. घरमालक त्याचा मालक नसतो, अंतर्गत सजावटकार केवळ आराखडा देतो, आणि मिस्त्रीच्या हाताखालचा मुलगा गावाकडचा नातलग असतो. यंत्रांना संरक्षक आवरण घालण्याची सक्ती १९४८ च्या कारखाने अधिनियमात होती, पण विजेवर चालणाऱ्या आस्थापनेस १० कामगारांची अट होती. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० हिच्यात ती २० करण्यात आली. तीन माणसांची तुकडी या रेषेच्या खूप खाली राहते. बांधकाम कामगार म्हणून कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करण्याचा मार्ग त्यांना आहे. त्यासाठी मागील १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दर पंधरवड्याला इमारत बदलणाऱ्या माणसाला तो दाखला कोणाकडून आणावा, हा व्यावहारिक प्रश्न उरतोच.

जेथे मालक सापडत नाही तेथे यंत्राच्या निर्मात्याकडे वळण्याचा मार्गही आहे आणि तो भारताला अपरिचित नाही. मळणीयंत्रांत शेतमजुरांचे हात तुटण्याचे प्रकार वाढल्यावर संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम संमत केला. मजुराने सावध राहावे एवढे सांगून न थांबता यंत्र सुरक्षित बनविण्याची जबाबदारी या कायद्याने उत्पादक आणि विक्रेता यांच्यावर टाकली. शेतातील यंत्राला लावलेला हा विचार सदनिकेतील करवतीपर्यंत पोहोचलेला नाही.

अमेरिकेत हाच वाद न्यायालयात गेला. तेथे मेजावरच्या करवतींमुळे दरवर्षी ३० हजारांहून अधिक लोकांना रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे लागते, असा तेथील ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे. पात्याला त्वचेचा स्पर्श होताच विद्युत संकेतातील बदल ओळखून ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत रुतविणारी आणि पाते सुमारे पाच सहस्रांश सेकंदात थांबविणारी यंत्रणा १९९९ मध्ये शोधली गेली आणि २००४ पासून विक्रीच्या करवतीत आली. बोस्टन परिसरात फरसबंदीचे काम करणाऱ्या एका स्थलांतरित कामगाराचा हात २००५ मध्ये हलक्या, स्वस्त करवतीवर जखमी झाला. ही यंत्रणा बसविली असती तर यंत्र महाग आणि जड झाले असते, मग ते हलके फिरते यंत्र राहिलेच नसते, असा बचाव करण्यात आला. ज्यूरीने तो न स्वीकारता २०१० मध्ये १५ लाख डॉलरची भरपाई दिली आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने ती कायम केली. हलकेपणा ही सोय आहे, पण ती कोणाच्या बोटांच्या मोलाने, हाच त्या खटल्यातील खरा प्रश्न होता.

अवजारांच्या संचात काय असावे

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून सुतारकाम त्यांपैकी एक आहे. अवजारांच्या संचासाठी १५ हजार रुपयांचे प्रोत्साहन, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि पाच टक्के सवलतीच्या व्याजाने प्रथम एक लाख, नंतर दोन लाख रुपयांपर्यंत तारणमुक्त कर्ज अशी तिची रचना आहे. आजवर बँकेच्या दारात न गेलेल्या कारागिराला उद्योजक मानणारी ही योजना आहे, हे तिचे वैशिष्ट्य होय.

मात्र संच म्हटला की विचार धारदार वस्तूंचाच होतो. स्टँडला धार नाही, मोटार नाही. तो कापत नाही की भोके पाडीत नाही. म्हणून पैसे अपुरे पडले की पहिली काट त्याच्यावर बसते. ग्राहकही कपाटाच्या दरात तो मोजीत नाही. वास्तविक हा खर्च भारतीय कारागिराच्या आवाक्याबाहेरचा नाही. चौकोनी लोखंडी नळी, बिजागरीचे बोल्ट, खटके आणि रबरी बूट एवढाच त्याचा माल. गल्लीतील ग्रिल बनविणारा वेल्डर तो जोडू शकतो. जालंधर आणि नागौर येथे हत्यारे बनविणाऱ्या लघुउद्योगांचे समूह आहेत. जालंधरला केंद्र सरकारची हत्यारविषयक संस्थाही आहे. ठरावीक मापांचा, भारतीय लिफ्टमध्ये आणि दुचाकीच्या मागे मावणारा, पात्याजवळील पाचर व झाकण लावण्याची सोय असलेला एक नमुना तयार करून त्याची रेखाचित्रे खुली ठेवणे, हे या यंत्रणेला सहज पेलणारे काम आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील एक वर्षाच्या सुतारकाम अभ्यासक्रमात विद्यार्थी पक्क्या बसविलेल्या यंत्रांवर शिकतो. बाहेर पडल्यावर त्याला उलटा कटर भेटतो. त्या दोहोंमधले अंतर तेथेच, वर्गात, स्टँड उघडून दाखविता येईल.

स्टँड आला तरी काही गोष्टी त्याच्या हातात नाहीत. पायाचा खटका न लावता यंत्र सुरू केले, तर तो फरशीवर बसलेल्या मेजापेक्षाही वाईट. वायर पायांत गुंतू नये म्हणून ती स्टँडच्या पायाला बांधून घ्यावी लागते, आणि भूसंपर्काची तिसरी पिन तोडून टाकलेला एक्स्टेंशन बोर्ड लोखंडी स्टँडशेजारी वापरणे म्हणजे वेगळ्याच अपघाताला निमंत्रण. अरुंद पट्टी पुढे ढकलण्यासाठी हाताऐवजी लाकडी काठी वापरावयाची असते. ती काठी मिस्त्री स्वतःच पाच मिनिटांत प्लायवूडच्या उरलेल्या तुकड्यातून कापून घेतो, आणि तिला अडकविण्यासाठी स्टँडच्या बाजूला एक आकडा पुरतो.